भिंतीला ओल येतेय, पण पाणी मुरतंय कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंत ओली दिसली की घरातला प्रत्येक जण काहीतरी वेगळं सांगतो. एक म्हणतो वरून येतंय, दुसरा म्हणतो खालून, रंगारी म्हणतो पुट्टी खराब होती आणि प्लंबर येऊन आधी टाइल्स फोडू म्हणतो. या गोंधळात मी पण दीड वर्ष काढलंय, तो किस्सा खाली येईलच. इथं रिपेअर कसं करायचं ते फारसं नाहीये, पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधायचं कसं, एवढंच आहे.

ओलीचा डाग दिसला, पहिलं काय करू?

पेन्सिल घ्या. खरंच. डागाच्या कडेकडेने एक रेघ मारा आणि रेघेवर तारीख आणि वेळ लिहा. मग फोटो काढा, त्याच जागेवरून, शक्यतो त्याच लाइटमध्ये. चार दिवसांनी परत बघा, डाग रेघेच्या बाहेर गेलाय का आत आलाय का तसाच आहे. हे फुकटचं काम आहे आणि यातून जेवढं कळतं तेवढं महागड्या मशीनमधून पण कधी कधी कळत नाही, कारण मशीन आत्ता किती ओल आहे ते सांगतं, रेघ ओल वाढतेय कधी ते सांगते.

आणि हो, डाग स्विचबोर्डच्या किंवा प्लगच्या आसपास असेल तर आधी त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला सेफ्टी स्विच, पाडा, मग बाकीचं. वायरिंगच्या पाइपातून पाणी बोर्डापर्यंत आरामात येतं. हात लावून ओल आहे का ते बघू नका.

आधी एकदा वॉटरप्रूफ पेंट मारून बघितला तर?

नका मारू. आतल्या बाजूने रंग मारला म्हणून पाणी यायचं थांबत नाही, त्याचा फक्त बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. मग ते रंगाच्या मागे साचतं, फुगे येतात, पोपडे सुटतात, नाहीतर ओल रंगाच्या वर किंवा बाजूला सरकते आणि तुम्हाला वाटतं की आता नवीनच लीकेज सुरू झालं. शिवाय डागाचा आकार, त्याची कड, त्यावरचा पांढरा थर हे सगळे पुरावे असतात आणि रंग मारला की तेच झाकले जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला प्रकार आहे तो.

पाणी येऊन येऊन येणार कुठून?

चार वाटा आहेत. बाहेरून पावसाचं, जमिनीतून वर चढणारं, घरातल्या पाइपांचं आणि हवेतलं. चौथी वाट बहुतेक लोक धरतच नाहीत. पाचवी म्हणजे नवीन बांधकाम, कारण सिमेंट आणि प्लास्टरमध्ये घातलेलं पाणी निघून जायलाच बरेच महिने लागतात, त्यामुळे नव्याकोऱ्या घरात सगळ्याच भिंती थोड्या दमट वाटत असतील तर लगेच घाबरू नका. एकाच जागी डाग असेल तर मात्र तो बांधकामाच्या पाण्याचा नाही.

एका भिंतीत दोन कारणं एकत्र असू शकतात, हे पण लक्षात ठेवा. एक सापडलं की बाकीच्याकडे लक्ष द्यायचं आपण सोडून देतो.

डाग बघून कारण ओळखता येतं का?

अंदाज येतो, पक्कं नाही सांगता येत.

डाग फरशीपासून सुरू होऊन वर चढलाय, वरची कड लाटेसारखी आहे आणि कडेला पांढरट पट्टा आहे, तर जमिनीतली ओल असू शकते. ती सहसा मीटरभर उंचीपर्यंत येते, त्याच्या फार वर क्वचित जाते, त्यामुळे डाग छातीच्या वर असेल तर जमिनीला दोष देऊ नका. आणि ती तळमजल्यावरच येणार, तिसऱ्या मजल्यावर कुणी जमिनीची ओल सांगत असेल तर त्याला चहा न पाजता परत पाठवा. वरच्या मजल्यावर भिंतीच्या पायथ्याशी ओल असेल तर बहुतेक वेळा भिंतीपलीकडच्या बाथरूमची फरशी बघायची.

भिंतीच्या मधोमध गोल किंवा अंडाकृती डाग, मध्यभाग जास्त ओला, तर पाइप. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशांसारखे डाग उतरले असतील तर फ्रेम आणि भिंत यांच्यामधली फट. छताला लागून आडवा पट्टा असेल तर गच्ची किंवा कठड्याचा सांधा. पिवळट तपकिरी कडा एकात एक असतील, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, तर पाणी थांबून थांबून येतंय, म्हणजे ओलं होतं, वाळतं, परत ओलं होतं. एकसारखी ओल आणि एकही कडा नाही, वर काळे ठिपके, तेही कोपऱ्यात किंवा कपाटाच्या मागे, तर हवेतली वाफ.

छतावर गंजाचा तांबूस डाग दिसला किंवा तिथलं प्लास्टर फुगलंय तर आतली सळई गंजायला लागलीये. तिथं पेन्सिल वगैरे प्रकार करत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

डाग इथं आहे पण त्याच्या बरोबर वर ना नळ ना पाइप, मग?

पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी जिकडे उतार तिकडे जातं, सळईच्या कडेने, वायरिंगच्या पाइपातून, बीमच्या पोटाखालून, आणि जिथं प्लास्टर कमजोर असेल तिथं बाहेर पडतं. पंख्याच्या हुकातून किंवा लाइटच्या होल्डरमधून थेंब पडतात ना, ते यामुळेच, लीकेज तिथं नसतंच.

म्हणून डागाच्या वर सरळ रेषेत न बघता पाण्याचा जवळपासचा प्रत्येक सोर्स कागदावर काढा. घराचा कच्चा नकाशा, त्यावर नळ, शॉवर, कमोड, गीझर, वॉशिंग मशीन, एसीचा ड्रेन पाइप, बाहेरचे उतरते पाइप, गच्चीवरची टाकी, सगळं. वरच्या घरातलं पण. एसीचा ड्रेन लोक हमखास विसरतात. तो पाइप चोक झाला किंवा त्याचा उतार उलटा झाला तर पाणी गपचूप भिंतीत उतरत राहतं, आणि गंमत म्हणजे थंडीत डाग वाळतो म्हणून सगळे पावसाला शिव्या घालतात.

मग सुरुवात नक्की कुठून करायची?

कुठून येतंय हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि कधी येतंय ते विचारा. माझ्या मते सगळ्या शोधाचा गाभा हाच आहे.

ओल चोवीस तास सारखीच, पाऊस असो नसो, घरात कुणी असो नसो, तर प्रेशरची लाइन, म्हणजे नळाला पाणी पुरवणारा पाइप, कारण त्यात पाणी कायम भरलेलं असतं. वापर झाला की वाढते आणि घर बंद असलं की कमी होते, तर ड्रेनेज किंवा बाथरूमची फरशी, कारण तिथून पाणी फक्त वापरताना जातं. पावसानंतर काही तासांत दिसली तर भेग किंवा खिडकी, पाऊस होऊन दोन तीन दिवसांनी दिसली आणि मग आठवडाभर राहिली तर गच्ची, कारण स्लॅब आधी पाणी पितो आणि मग सावकाश सोडतो. पहाटे जास्त आणि दुपारी गायब, तर हवेतली वाफ.

यासाठी एक वही ठेवा. रोज एक ओळ पुरते, आज पाऊस पडला का, कपडे धुतले का, पाहुणे होते का, एसी किती चालला, डाग रेघेच्या आत का बाहेर. दोन तीन आठवड्यांत कळायला लागतं.

तुमचं स्वतःचं काय झालं होतं?

बेडरूमची भिंत, पलीकडे बाथरूम, कमरेच्या जरा वर ताटाएवढा डाग. ती बाहेरच्या भिंतीला लागून म्हणून आधी बाहेरून भेगा भरून रंग मारला, काही फरक नाही. मग बाथरूमचं ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटींतलं भरण, नवीन केलं, पंधरा दिवस बरं वाटलं आणि परत डाग. प्लंबरने पाइपलाइनची प्रेशर टेस्ट केली तर लीकेज नाही म्हणाला. मी पेन्सिलच्या रेघा मारायला लागलो तोपर्यंत वर्ष होऊन गेलं होतं. दहा बारा रेघा झाल्या, भिंत म्हणजे नकाशातल्या डोंगरासारखी दिसायला लागली, आणि मग एकदा धाकटा भाऊ दहा दिवस बाहेर गेला आणि त्या दहा दिवसांत डाग रेघेच्या बाहेर एक बोट पण गेला नाही. तो आला आणि दुसऱ्या दिवशी डाग परत बाहेर.

आता घरात आम्ही सगळे बादलीने आंघोळ करणारे, शॉवर घेणारा तो एकटाच. डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा कॉक, तिथून वर शॉवरपर्यंत जो पाइप भिंतीतून जातो ना, त्यात शॉवर चालू असतानाच पाणी असतं, एरवी तो रिकामा. लीकेज त्या पाइपच्या एका सांध्यात होतं. म्हणून प्रेशर टेस्टमध्ये काही दिसलं नाही, टेस्ट करताना डायव्हर्टर बंद होता. चार टाइल्स काढून काम झालं. आधीचा सगळा खर्च अक्षरशः पाण्यात.

पाइपलाइन लीक आहे का ते घरच्या घरी कसं बघायचं?

पाणी थेट मीटरमधून नळाला येत असेल तर सोपं आहे. सगळे नळ बंद, फ्लशची टाकी भरू द्या, मग मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तासाभराने बघा. काटा हलला तर पाणी कुठंतरी जातंय.

पण गच्चीवर टाकी असेल तर मीटर टाकीच्या आधी असतं, टाकीनंतरचं लीकेज त्याला कळतच नाही, आणि इथं बरेच जण फसतात. तेव्हा रात्री टाकी भरा, तिच्यात येणारं पाणी बंद करा, आत पातळीवर खूण करा आणि रात्रभर घरात कुणीही नळ उघडायचा नाही असं बजावून सांगा. सकाळी पातळी उतरली असेल तर पुढची लाइन किंवा एखादी गळकी फ्लश टाकी. फ्लश टाकीत रंग टाकून ठेवा, न दाबता भांड्यात रंग उतरला तर ती गळतेय, भिंतीचा संबंध नाही.

मग एकेक भाग बंद करत जा. गीझरला जाणारा कॉक बंद केल्यावर पातळी उतरायची थांबली तर लीकेज गरम पाण्याच्या लाइनमध्ये. प्लंबरकडे हातपंपासारखा टेस्ट पंप असतो, लाइन बंद करून प्रेशर चढवायचं आणि गेजचा काटा खाली येतो का बघायचं. ही टेस्ट करताना समोर उभे राहा आणि विचारा, डायव्हर्टर, मिक्सर, कमोडचा जेट यातलं काय काय टेस्टमध्ये आलं आणि काय राहिलं.

बाथरूमची फरशी का ड्रेनेज, हे वेगळं कसं काढायचं?

एका वेळी एकच गोष्ट ओली करायची, एवढाच नियम. बाथरूम दोन तीन दिवस बंद ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं, डाग आधी स्थिर होऊ द्या.

मग पहिल्या दिवशी फक्त नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, पाइप घालून तीन चार बादल्या पाणी सोडा, फरशी कोरडी ठेवून. डाग वाढला तर ट्रॅप किंवा त्याच्या खालचा सांधा. नाही वाढला तर दोन दिवस थांबा आणि मग ट्रॅप बोळा घालून घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या खाली राहील एवढं इंच दीड इंच पाणी फरशीवर भरा आणि चोवीस तास ठेवा, कडेला पाण्याची पातळी पेन्सिलने मार्क करून. थोडंफार वाफ होऊन जातंच, पण बोटभर उतरलं तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. त्यानंतर पाणी काढून फरशी वाळू द्या आणि फक्त भिंतीच्या टाइल्सवर पंधरा मिनिटं पाणी मारा. शेवटी शॉवर, पण पाणी बादलीत धरून, म्हणजे फक्त पाइप तपासला जातो. ही शेवटची पायरी मी वगळली होती.

पाण्यात रंग टाकला तर अजून बरं, प्रत्येक वेळी वेगळा. काही लोक चमकणारा हिरवा रंग वापरतात आणि यूव्ही टॉर्चने बघतात, त्यात अगदी थोडा रंग आला तरी दिसतो. मात्र रंग बाहेर आला नाही म्हणजे लीकेज नाही असं समजू नका, जाड भिंतीतून यायला त्याला काही दिवस लागतात आणि वाटेत तो गाळला पण जातो.

ग्राउट भरलं की झालं, असं म्हणतात ते खरं का?

नाही. ग्राउट आणि टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, खरं वॉटरप्रूफिंग त्यांच्या खाली असतं. ग्राउट नवीन केल्यावर पाणी काही दिवस कमी होतं आणि आपल्याला वाटतं सुटलो.

पावसाचं पाणी कुठून शिरतं ते न पावसाच्या दिवसांत कसं शोधू?

होज पाइपने, खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्या भेगांवरून जातं आणि मग नेमकी कोणती ते कळत नाही. आधी भिंतीचा पायथा, दहा पंधरा मिनिटं, मग खिडकीखालचा भाग, मग खिडकीची एक बाजू, दुसरी बाजू, वरची कड, मग छज्जा, सगळ्यात शेवटी कठडा. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा पाहिजे. जेट पंप वापरू नका, तेवढ्या जोराने पाणी मारलं तर जिथं पाऊस कधी शिरत नाही तिथं पण शिरेल.

बघायच्या जागा म्हणाल तर एक, आरसीसी कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत जिथं भेटतात तिथली सरळ रेषेतली भेग, कारण दोन्हींचं आकुंचन प्रसरण वेगळं असतं त्यामुळे ती भेग भरली तरी परत उघडते. केसासारखी भेग आहे म्हणून सोडून देऊ नका, बारीक भेग पाणी जास्त जोरात ओढते. दुसरं छज्ज्याच्या खाली पुढच्या कडेला एक बारीक खाच असते, ती कुणीतरी प्लास्टर करून बुजवलेली असते बघा, ती खाच नसली की पाण्याचा थेंब कडेवरून खाली पडायच्या ऐवजी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीपर्यंत येतो. तिसरं कठड्याचा माथा, त्याला उतार नसेल आणि वर भेगा असतील तर पाणी आतल्या आत खाली उतरतं. उतरत्या पाइपच्या मागची भिंत हाताने चाचपा, पाइपला मागून चीर असते आणि ती समोरून दिसत नाही.

हवेतल्या वाफेने भिंत एवढी ओली होते?

होते. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २६ अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर दव धरायला लागतं. म्हणजे भिंत हवेपेक्षा फक्त चार पाच अंशांनी थंड असली तरी पुरे. शेजारच्या खोलीत रात्रभर एसी चालतो आणि त्याची भिंत अलीकडून घामेजते, हे मी स्वतः पाहिलंय आणि तिथं लोकांनी पाइप शोधायला भिंत फोडली होती.

यासाठी फॉइलची टेस्ट करा. डागाच्या जागेवर फूटभर लांबी रुंदीचा फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंत आधी वरवर पुसून वाळवा आणि चारी बाजूंनी टेप घट्ट लावा, हवा जाता कामा नये. एक दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूला थेंब असतील तर हवेतली वाफ. भिंतीच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजूला असेल तर दोन्ही कारणं. एवढंच की भिंत आधीच भिजलेली असेल तर लीकेज बंद झाल्यावर पण बरेच दिवस मागची बाजू ओली दिसेल.

पांढरी पावडर येते ती बुरशी का?

बोटाने घासा आणि पाण्याचा एक थेंब टाका. विरघळली तर लोणा, म्हणजे विटा सिमेंटमधले किंवा जमिनीतले क्षार, पाण्याबरोबर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. नाही विरघळली, लोकरीसारखी आहे, कुबट वास येतो, तर बुरशी. लोणा दिसला म्हणजे भिंतीतून पाणी वाहून आलंय हे नक्की, नुसत्या हवेच्या वाफेने लोणा सहसा येत नाही. काही क्षार हवेतलंच पाणी ओढून घेतात, त्यामुळे मूळ कारण बंद झालं तरी दमट दिवसांत तीच जागा परत ओली दिसते. अशा वेळी तेवढं प्लास्टर काढून नवीन करावं लागतं.

जमिनीतून ओल येत असेल तर?

आधी बाहेर जाऊन जोतं बघा. जोत्याच्या वर ओल चढू नये म्हणून बांधताना एक थर घालतात, डीपीसी. तो थर बहुधा ठीकच असतो, त्याला बायपास मिळालेला असतो. बाहेर मातीचा भराव झाला, कुंड्या ठेवल्या, नवीन पेव्हर बसवून अंगण वर आलं, किंवा बाहेरचं प्लास्टर थेट जमिनीला टेकवलं, की पाणी त्या थराच्या वरून भिंतीत शिरतं. माती खाली करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि कुणी तो सुचवत नाही कारण त्यात विकायला काही नसतं.

मॉइश्चर मीटर घेऊ का? आणि थर्मल कॅमेरावाल्याला बोलवू का?

पिनवाला मीटर चालेल, पण त्याचे टक्के खरे मानू नका. ते मीटर लाकडासाठी जुळवलेले असतात, आणि भिंतीत क्षार किंवा धातूची जाळी असली तर कोरड्या भिंतीत पण आकडा वर जातो. वापर असा करा की भिंतीवर फूट फूट अंतरावर ठिपके मारा, प्रत्येक ठिकाणी रीडिंग घ्या, घरातल्या एका खात्रीच्या कोरड्या भिंतीचं पण घ्या आणि तुलना करा. आकडा कुठल्या दिशेला वाढत जातो ते बघायचं.

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. ओली जागा वाफ होताना थंड पडते म्हणून ती वेगळ्या रंगात दिसते, पण एसीचा झोत लागणारी भिंत पण तशीच दिसते. रिपोर्टमधले निळे डाग बघून टाइल्स फोडायला घेऊ नका, मीटरने तीच जागा तपासून घ्या.

वरच्या मजल्यावरचे मान्यच करत नाहीत, काय करू?

भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. तारखांच्या रेघा असलेला फोटो दाखवला की समोरचा माणूस जरा ऐकतो. रंगाची टेस्ट त्यांच्यासमोर करा, त्यांच्याच हाताने रंग टाकू द्या. आणि आधी स्वतःच्या घरातल्या गोष्टी तपासून जा, कारण लीकेज आपलंच निघालं तर पुढची पाच वर्षं जिन्यात मान खाली घालून जावं लागतं.

फोडाफोड कधी करायची?

कमीत कमी दोन वेगवेगळ्या टेस्टनी एकाच जागेकडे बोट दाखवल्यावर. त्याआधी प्लास्टर ठोकून बघा, बद्द आवाज आला तर तिथं ते सुटलंय. आणि फोडाल तेव्हा एका छोट्या चौकोनापासून सुरुवात करा, उघडं ठेवा आणि पाणी चालू करून डोळ्यांनी थेंब बघा. थेंब दिसल्याशिवाय बुजवू नका.

कारण सापडलं, रिपेअर झालं, रंग कधी मारू?

घाई करू नका. ढोबळ हिशोब असा की भिंत साधारण महिन्याला एक इंच जाडी या वेगाने वाळते, म्हणजे नऊ इंची भिंत पूर्ण भिजली असेल तर वाळायला कित्येक महिने लागू शकतात, हवा खेळती असेल तर लवकर. सुटलेलं प्लास्टर आणि रंग खरवडून काढा, कपाट भिंतीपासून लांब ओढा, पंखा चालू ठेवा. हीटरचा झोत भिंतीवर मारू नका, वरचा थर तडकतो आणि आतली ओल तशीच राहते.

आमची भिंत वाळायला साडेपाच महिने लागले. पेन्सिलच्या रेघा तशाच ठेवल्या होत्या, डाग एकेका रेघेच्या आत सरकत गेला, आणि शेवटच्या रेघेच्या आत काही उरलं नाही त्यानंतर अजून तीन आठवडे थांबून रंगाऱ्याला फोन केला.